उशिरा येणारं ‘व्हय म्हाराजा’

दादा, आज पोरीने तोंड उघडलं. तुमची पणती हो, माझ्या मुलाची मुलगी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, माईकसमोर. घरी येऊन मी साडीसुद्धा बदलली नाही, आधी तिच्याच दप्तरातलं पेन घेतलं आणि बसले लिहायला. चौथीपर्यंतची शाळा माझी, जोडाक्षरं अजून रुसतात, तेव्हा समजून घ्या. तुम्हाला तरी कुठे वाचता येत होतं म्हणा. सूनबाईने हॉलमधून येता येता पेढे आणले, मी दोन खाल्ले, डॉक्टरांनी नको म्हटलंय तरी खाल्ले. इतका आनंद झाला की नंतर मोरीत जाऊन रडले. आता का रडले ते सांगायचं तर मला पार मागे जावं लागतं, त्या टेबलापर्यंत.

आठवतंय ना टेबल? चाळीच्या व्यायामशाळेतलं, एक पाय आखूड, खाली वीट लावायचे. सभा असली की तेच व्यासपीठ. मुंबई मिळणार की नाही मिळणार याचे ते दिवस. गिरणी सुटली की माणसं घरी न जाता मैदानात यायची, आया पोरांना काखेत मारून यायच्या, आणि पुढाऱ्यांची भाषणं सुरू व्हायच्या आधी आपल्या भजनी मंडळाची गाणी. देवाच्या चालीवर मुंबईचे शब्द घातलेले. एके काळी त्यात तुमचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा म्हणे, आई सांगायची. मी तो कधी ऐकलाच नाही. मला आठवतोय तो तुमचा खोकला. कापसाची धूळ छातीत बसलेली, सोमवारी जास्त. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी गिरणीतल्या खात्यात शिरताना छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, असं म्हणायचात. आवाज गेला, पण गाणी तर आत होती. मग ती तुम्ही माझ्या तोंडात घातलीत. मी घरात बरी गायचे. आई भाकऱ्या थापायची, तुम्ही भिंतीला टेकून बसायचात, ताल चुकला की बोटाने जमिनीवर ठोकायचात, आणि मी मोरीजवळ उभी राहून गायचे.

पहिल्या सभेला मला परकर-पोलकं घालून टेबलावर चढवलं. समोर नुसती डोकी. टोप्या, पदर, आणि पुढे बसलेली माझ्याच वर्गातली पोरं. पेटीवाल्याने सूर दिला. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नाही. जीभ टाळूला चिकटलेली. पेटीवाल्याने परत सूर दिला. मग परकर गरम झाला, पायावरून खाली आलं आणि टेबलावरून टपटप विटेवर पडायला लागलं. पुढची पोरं हसली. तुम्ही मला उचललंत, खांद्यावर टाकलंत आणि गर्दीतून बाहेर काढलंत, तेव्हा मंडळाचे बुवा मागून म्हणाले ते मी ऐकलं, तुम्हीही ऐकलंत. “बापाचा आवाज गिरणीत गेला, लेकीचा टेबलावर.” लोक त्यालाही हसले.

जिन्यापर्यंत तुम्ही मला तसंच नेलंत. मग खाली उतरवून म्हणालात, “घरात दिसभर कावळ्यासारी बोंबलतस, थंय काय जिभेक गाठ पडलेली?” बाकी तुम्ही कधी मारलं नाहीत मला, पण ते एवढं वाक्य माराच्या वरताण होतं. कित्येक दिवस मी घरातही गायले नाही. शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी मी पाटीवर लिहून दाखवायचे. जेवण उलटून पडायचं. वरच्या मजल्यावरची सातारची मावशी आली, बघितलं आणि म्हणाली, दिष्ट हाय, दुसरं काय. आईने मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या आणि ठसका म्हणून आला नाही. झालं, सगळ्यांची खात्री पटली. तुम्ही तर त्याच्याही पुढे गेलात. गावच्या देवाचं काहीतरी राहिलंय, मुंबईत आल्यापासून नारळ दिलेला नाही, म्हणून देवाने पोरीची वाचा धरलीय, असं ठरवलंत. घाबरलेल्या पोरीला कोणी विचारलं नाही, काय गं, घाबरलीस का. विचारायची रीतच नव्हती. देवाला विचारायचे.

पण दादा, त्या चुकीनेच मला वाचवलं. रविवारी आपल्या खोलीत गाऱ्हाणं घातलंत. तुमच्या खात्यातले गाववाले आले, दाटीवाटीने बसले, दारातही उभे राहिले. तुम्ही देवाच्या फळीपुढे नारळ धरून उभे, आणि मी तुमच्या धोतराला लागून, त्यामुळे मला तुमचं तोंड खालून दिसत होतं. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुज्या पायाकडे नारळ ठेवलो हा, तेची वाचा कोणी बांधली असात तर ती मोकळी कर रे म्हाराजा.” आणि सगळी खोली म्हणाली, “व्हय म्हाराजा.” तेव्हा मला दिसलं. एक वाक्य संपेपर्यंत तुमचा श्वास संपत होता. कपाळावर घाम आला होता. इतक्या माणसांसमोर आपल्याला खोकला येईल आणि देवाचं बोलणं अर्धवट राहील, ही भीती तुमच्या तोंडावर होती. आणि सगळे व्हय म्हाराजा म्हणायचे ना, त्या आवाजाच्या आड तुम्ही खोकून घ्यायचात, श्वास घ्यायचात, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर तुमचंही एक घोगरं ‘व्हय म्हाराजा’ मागून यायचं. उशिरा. मग पुढचं वाक्य.

माणसं गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, तुम्हीपण घाबरलात? आई म्हणाली, गप, बापाला असं विचारतात का. तुम्ही नारळ फोडत होता, तो खाली ठेवलात. म्हणालात, “भय सगळ्यांकच वाटता गो. माका नाय वाटत? पाठसून व्हय म्हणणारो कोणतरी व्हयो, मगे तोंड उघडता.” आणि नारळ फोडून खोबऱ्याचा मोठा तुकडा मला दिलात. दादा, आयुष्यात मला कोणी काय काय दिलं, तुमच्या जावयाने पाटल्या केल्या, मुलाने हा चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, पण तो खोबऱ्याचा तुकडा वेगळा.

पुढच्या सभेला तुम्ही खात्यातली माणसं घेऊन टेबलाच्या पुढ्यात उभे राहिलात. मी पहिली ओळ कशीबशी म्हटली, आणि तुम्ही सगळे म्हणालात, व्हय म्हाराजा. बुवा चिडले. ही सभा आहे का देवाचं गाऱ्हाणं, म्हणाले. मागच्या घाटावरच्या लोकांना आधी कळलंच नाही, ते झालाच पाहिजे म्हणून ओरडले. पण दोन-तीन ओळींनंतर सगळं मैदान म्हणायला लागलं. आणि माझं असं ठरून गेलं की सगळ्यांचं झालं तरी लगेच पुढे जायचं नाही. तुमचं उशिराचं, खोकल्यामागून येणारं येऊ द्यायचं. मग पुढची ओळ. किती सभा केल्या आपण तशा. लालबागला, परळला, एकदा तर वरळीच्या चाळींपर्यंत चालत गेलो, येताना मी तुमच्या खांद्यावर झोपले. तुम्हाला धाप लागत होती आणि तरी खाली उतरवलं नाहीत.

राज्य यायला थोडे महिने होते तेव्हा तुम्ही गेलात. इस्पितळात शेवटी शेवटी तुम्हाला आडवं होता येत नव्हतं, रात्रंदिवस बसून. त्याबद्दल लिहीत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

मग राज्य आलं. मैदानात पताका, पेढे, गुलाल. तुमच्या खात्यातल्या माणसांनीच मला उचलून टेबलावर ठेवलं, बापाची इच्छा होती म्हणाले. मी पहिली ओळ म्हटली. स्वच्छ म्हटली, अडखळले नाही. सगळं मैदान म्हणालं, व्हय म्हाराजा. आणि मी थांबले. लोकांना वाटलं विसरली. पेटीवाल्याने ओळ सांगितली, खालून कोणी ओरडून सांगितली. मला ओळ येत होती, दादा. मी वाट बघत होते. ते येईना. मी थांबले, आणखी थांबले, मैदान गप्प झालं, आणि त्या गप्प मैदानात तुम्ही नाही आहात हे मला पहिल्यांदा कळलं. तिरडी बघून कळलं नव्हतं. मला खाली उतरवलं, पुढचं गाणं बुवांनीच म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं आई सांगायची, मी बघितलं नाही. त्यानंतर मी गायलेच नाही. मुलाला जोजवतानासुद्धा नुसतं हूं हूं.

आता तुमची पणती. पाठ सगळं असतं, पण स्टेजचं नाव काढलं की सकाळी उलटी, हात बर्फासारखे. माझा मुलगा तिला म्हणाला, एवढं पाठ आहे मग प्रॉब्लेम काय आहे तुझा, आणि मला वाटलं तुम्हीच जिन्यापाशी बोलताय. सूनबाई शहाणी, ती पोरीला शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, घाबरू नकोस असं तिला म्हणू नका, घाबरलीस तरी चालेल असं म्हणा. मला बाई आवडल्या. त्यांना गाऱ्हाणं माहीत नसेल, पण बोलल्या तुमच्यासारखं.

मग मी रोज संध्याकाळी भाकऱ्या करताना तिला ओट्याजवळ उभी केली. तिने भाषणाचं एक वाक्य म्हणायचं, मी म्हणायचं, व्हय म्हाराजा. पहिल्या दिवशी हसून हसून खाली बसली. आठवड्याने वाक्यं सरळ यायला लागली. पण काल म्हणते कशी, “आज्जी, तिथे नाही हं ओरडायचं. प्लीज. माझी पूर्ण वाट लागेल.” शब्द दिला मी.

आज ती उभी राहिली. दोन वाक्यं म्हणाली आणि थांबली. हॉल शांत. माझ्यापुढे ते मैदान उभं राहिलं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. मुलगा मोबाईल धरून होता, त्याचा हात खाली आला. पोर तशीच उभी, समोर कुठेतरी बघत. आणि मग बोलली. पुढचं वाक्य, मग परत जरा थांबून त्याच्या पुढचं, असं शेवटपर्यंत.

खाली आल्यावर मी विचारलं, अशी मध्ये मध्ये का गं थांबत होतीस, माझा जीव गेला ना. म्हणाली, “तुझं ऐकू येत होतं ना मनात. तू आधी खोकतेस, मग म्हणतेस. तेवढं थांबायला नको?”

हे कागद पाठवायचे कुठे? घडी करून पिठाच्या डब्याखाली घालीन, तिथे कोणी बघत नाही. एक मात्र तुम्हाला सांगते, घरात कोणाला सांगितलेलं नाही. मला खोकला नाही, दादा. मागच्याच महिन्यात डॉक्टरांनी छाती तपासली, अगदी साफ आहे म्हणाले. तो मी मुद्दाम काढते.