उघडलेल्या छत्रीखाली

अण्णा,

काल केरीला फेरीबोटीची वाट बघत उभी होते. पलीकडे तेरेखोलला नणंदेकडे जायचं होतं. तिथल्या डोंगरावरून आता हौशी माणसं पॅराग्लायडिंगच्या छत्र्या घेऊन उडतात. काल त्यांतल्या एकाच्या दोऱ्यांना पीळ बसला आणि तो हवेत स्वतःभोवती गरगरू लागला. किनाऱ्यावरचे लोक हसत मोबाइलवर त्याचे फोटो काढत होते. मी मात्र ओरडले, "पट्टे फाकव! पाय मार, पाय!" पावाची टोपली सायकलला बांधलेला पोदेर शेजारी उभा होता. त्याने विचारलं, "बाय, तुमचो कोण तो?" कोणी नाही म्हटलं, आणि खाली पाहिलं तर साडीच्या आत माझे दोन्ही पाय एकमेकांना घट्ट चिकटले होते, गुडघे जरासे वाकलेले. साठी उलटलेल्या बाईचे पाय, अण्णा. तुम्ही हाणून लावलेली सवय तुमच्यामागून एवढी वर्षं टिकली.

पाळी गावातल्या आपल्या घरामागचा फणस आठवतो. फौजेच्या पॅराशूट तुकडीतून तुम्ही पाय अधू होऊन परत आलात आणि खाणीच्या वर्कशॉपमध्ये लागलात. तिथून रबरी पट्ट्याचे जुने तुकडे आणून तुम्ही माझ्या मापाचं पट्ट्यांचं जोतं शिवलंत, दोन मांड्यांतून, दोन खांद्यांवरून, छातीवर लोखंडी कडी. कॉलेजच्या छात्रसेनेतून विमानातून उडी मारायला माझी निवड झाली होती, त्याची ही भेट. भेट म्हणून दिलीत तेव्हा तुम्ही हसलात, मला अजून दिसतं. मग मला फणसाच्या फांदीला टांगलंत आणि हसणं संपलं. "छत्री उघडली की वाचलो असं समजतात ते मरतात," तुम्ही म्हणालात. "काम उघडल्यावर सुरू होतं." उजवीकडे सरकायचं तर उजवे पट्टे छातीपर्यंत ओढ. दोऱ्यांना पीळ बसला तर डोक्यावरचे पट्टे दोन्ही हातांनी फाकव आणि सायकल मारल्यासारखे पाय मार. जमीन आली की पाय जोड, हनुवटी छातीला. हे सांगून तुम्ही मला दोर कडक होईपर्यंत पिळायचात आणि सोडून द्यायचात. फणस, विहीर, स्वयंपाकघराचं दार, सगळं भिरभिरतं आहे, तोंडात आंबट पाणी आलं आहे, आणि पाय जरा सुटले की नडगीवर चिव्याच्या बांबूची काठी बसते. "पैर जोड!" हुकूम हिंदीतून, राग कोंकणीतून, आणि पुढे उडीच्या शिक्षणासाठी आग्र्याला गेले तेव्हा मला पत्र लिहिलंत ते शुद्ध मराठीत. बाहेर लोक कोंकणी की मराठी यावरून एकमेकांची डोकी फोडत होते त्या दिवसांत आपल्या परसात तिन्ही नांदत होत्या, आणि तिन्हींत मी मार खात होते.

आई हातातलं पीठ न झटकता दारात यायची. "मारून उडयता काय चेडवाक?" पोरीला मारूनच टाकता काय?

"वयर कोण मारचो ना तिका, म्हूण हांगा मारतां," तुम्ही म्हणायचात. वर कोणी मारणार नाही, म्हणून इथे मारतो. शाळेच्या सगळ्या वर्षांत तुम्ही माझ्यावर हात उगारला नव्हता. कॉलेजातल्या सिस्टरने माझ्या पायांवरचे वळ पाहिले, मला बाजूला घेऊन इंग्रजीत हळूच विचारलं. सायकलवरून पडले, असं मी सांगितलं.

सगळ्यांत वाईट ती गोणी. खनिजाची लाल माती भरून तुम्ही ती दुसऱ्या दोराने टांगली होती, आणि लांब नेऊन माझ्यावर सोडायचात. ती म्हणजे दुसरा उडी मारणारा. हवेत दोन माणसं एकमेकांवर आली तर काय, याचा धडा. "धरूं नाका! लात मार!" मी लाथ मारायची, गोणी परत यायची, मी परत मारायची. एका संध्याकाळी अंगात त्राण उरलं नाही आणि मी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं, लाल माती केसांत, तोंडात. तुम्ही मला खाली उतरवलंही नाहीत. टांगलेल्या स्थितीतच काठी मोडेपर्यंत मारलंत. "मरणाक मिठी मारलीस! मरणाक!" तुमचा आवाज चिरकला होता. मला वाटलं, तो राग आहे.

आग्र्याला निघायच्या दिवशी रस्ता बंद होता. माझी ट्रंक खांद्यावर घेऊन तुम्ही लंगडत म्हापशापर्यंत आलात, वाटेत कापून टाकलेली झाडं, पेटलेले टायर. एका नाक्यावर पोरांनी अडवलं. "तुमी खंयच्या कुशीचे? कोंकणी काय मराठी?"

"हिका गाडी धरपाची आसा," तुम्ही म्हणालात. "खंयचे भाशेंत धरूं तें तूं सांग." कोणत्या भाषेत धरू ते तू सांग.

एक जण हसला. दुसऱ्याने दगड मारला. तुमचा कान फाटला आणि तुम्ही ट्रंकेच्या पत्र्याच्या कोपऱ्याने त्याच्या तोंडावर असा घाव घातलात की तो दोन्ही हातांत दात धरून खाली बसला. पुढे चालताना माझ्या रुमालाने कान दाबून तुम्ही एवढंच बोललात, "पाय जोडून पडायचं, विसरू नको." बस सुटली तेव्हा तुमचा शर्ट काखेपर्यंत लाल होता.

आग्र्याला उस्तादांनी, म्हणजे फौजेच्या प्रशिक्षकांनी, उलटं शिकवलं. दोघं एकमेकांत अडकलात तर धरा, म्हणाले. वरच्याने खालच्याचा पट्टा पकडायचा, एकाच छत्रीवर दोघं उतरतात. मी मान हलवली. माझ्या शेजारच्या खाटेवर कोल्हापूरकडची एक मुलगी होती, आडव्या बांध्याची, मोठ्याने हसणारी. "गोयंकरणी, मासं खाऊन अंगात बळ येतंय म्हणं, आणि तू तर वाऱ्यानं उडशील की गं!" म्हणायची. रात्री माझ्या पायांना तेल तीच लावायची. वळ कसले, हे तिने एकदाही विचारलं नाही.

तिसरी उडी. वारा वाढलेला. माझी छत्री उघडली, वर पाहिलं, पीळ नाही, पट्टे हातात. तेवढ्यात डावीकडून तिची छत्री माझ्या बाजूला घसरत येते. मी उजवे पट्टे ओढते, छातीपर्यंत, पोटापर्यंत, पण तिला पट्टे सापडत नाहीत, ती घाबरून हात नुसते हलवते आहे. मग ती माझ्या दोऱ्यांत येऊन आदळते. तिची छत्री माझ्याखाली येऊन ओल्या फडक्यासारखी मिटते. तिचा एक हात माझ्या पोटऱ्यांपाशी येतो, पंजा उघडा. "धर गं! धर मला!" ती मला दिसते आहे, अण्णा, दात, कपाळावरचा घाम. वाकले असते तर तिचा पट्टा हाताला लागला असता. आणि मी गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही बुटांनी तिच्या खांद्यावर लाथ मारली. एकदा नाही, दोनदा. ती सुटली. तिच्या छत्रीत पुन्हा हवा भरली, पण फार उशिरा, जमिनीच्या अगदी जवळ. हाड मोडल्याचा आवाज मी वरून ऐकला असं मला वाटतं. ऐकू येणं शक्य नव्हतं. मी पाय जोडून उतरले. मला खरचटलंही नाही.

तिला शुद्ध आली तेव्हा काहीच आठवत नव्हतं. खालून कोणाला नीट दिसलं नव्हतं. उस्तादांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, धरली होती, हातातून निसटली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

घरी आले. तुम्ही व्हरांड्यात बसला होता. बातमी माझ्याआधी पोचली होती. तुम्ही एवढंच विचारलंत, "धरली काय लात मारली?"

खरं बोलले असते तर तुम्ही खूश झाला असता, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच बोलले नाही. नडग्या अजून दुखत होत्या, आणि तुमचं शिकवणं तुमच्या तोंडावर फेकायची ती एकच संधी होती. "धरली," मी म्हणाले. "उस्तादांनी शिकवलं तसं. तुमचं नाही ऐकलं."

तुम्ही तुमचा अधू पाय दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवलात. मग म्हणालात, "हांवें मारिल्ली." मी मारली होती. तुमच्याच तुकडीतला, तुमच्याच ताटात जेवणारा मित्र. तो हवेत तुमच्यावर आला, तुम्ही लाथ मारली, तो मेला, तुम्ही पाय मोडून वाचलात. "दुसरो उपाय नाशिल्लो अशें हांव इतलीं वर्सां म्हणत आयलों," तुम्ही म्हणालात. "आसलो. तुवें केलो." दुसरा उपाय नव्हता असं इतकी वर्षं म्हणत आलो, पण होता, आणि तो तू केलास.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ते जोतं उतरवलंत, गोणी फाडून माती गटारात ओतलीत आणि फणसाची ती फांदी कुऱ्हाडीने तोडलीत, अधू पायावर तोल जाऊन दोनदा पडलात तरी थांबला नाहीत. त्यानंतर माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत. आईला सांगायचात, आधी तिला वाढ. गोव्याचं राज्य झालं त्या दिवशी लाउडस्पीकर वाजत होते, आणि तुम्ही आजारी, खाटेवर पडून आलेल्या प्रत्येकाला सांगत होता, माझ्या चेडवाने हवेत माणूस धरला. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. खोटं बोलून मी तुम्हाला चिव्याच्या काठीपेक्षा जास्त मारलं, आणि शेवटपर्यंत ते थांबवलं नाही.

तर आता सांगते. मी लाथ मारली. तुम्ही शिकवली होती तशी, गुडघे पोटाशी घेऊन. ती सुटली तेव्हा मला बरं वाटलं, अण्णा.

ती अजून आहे, काठी घेऊन चालते. दर दिवाळीला फोन करते, "गोयंकरणी, तू धरलंस म्हणून आज नातवंडं बघतेय." मी हो म्हणते. काल रात्री लिहायला बसले ती तिलाच. वर तिचं नाव घालायला हात धजला नाही, तुमचं घातलं. तुम्ही उत्तर देणार नाही, हे मला माहीत होतं.