फेरीने की बोगद्यातून

१४ जानेवारी
निश्चय झाला. यंदा कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं आमचं चाकांवरचं घर, घेऊन इंग्लंडहून फ्रान्स. निमित्त माझ्या बायकोच्या, डोरीनच्या, थोरल्या बहिणीचं, मॅजचं. मॅजचा नवरा फ्रेंच होता. तो वारला, पण ही दिएप बंदराजवळच्या त्याच्या खेड्यातच राहिली. आता आजारी आहे. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा बघेल की नाही सांगता येत नाही. डोरीनचं म्हणणं, पुढच्या आठवड्यात निघू. मी शांतपणे समजावलं की घाईने समुद्र ओलांडणारा माणूस लुटला जातो. आणि ज्याने एकतीस वर्षं वजन-मापे निरीक्षक म्हणून खाटकांच्या तराजूखालच्या शिशाच्या गोळ्या हुडकून काढल्या, तो लुटला जाणार नाही.
प्रश्न एकच. गाडी आणि मागची कॅरॅव्हॅन फेरीबोटीवर चढवायची, की समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वेवर घालून न्यायची? यावर आजवर कुणीही प्रामाणिक अभ्यास केलेला नाही. मी करणार. चौकटीचा कागद आणला. फेब्रुवारीच्या मध्याला निकाल.

२ फेब्रुवारी
काम जोरात. बोगदा: पस्तीस मिनिटं, पण पलीकडे उतरल्यावर मॅजच्या गावापर्यंत दोनेक तास रस्ता. फेरी: चार तास, पण उतरलो की गाव हाताशी. डोरीन म्हणाली, मग फेरीच ना. लोक असा विचार करतात म्हणूनच हा देश या अवस्थेला आला आहे. टायरची झीज कोण धरणार? बोटीवरच्या चहाचा भाव? मी तिला टायर समजावून सांगायला घेतले. ती बटाटे सोलायला निघून गेली. तिला आकड्यांचा ताण येतो.

१९ फेब्रुवारी
तक्ता सहा पानांवर गेला. निकालाची तारीख मार्चअखेर केली. अचूकतेला मुदत नसते.
आज डोरीनने एक विचित्र कल्पना काढली. म्हणे, मी एकटी विमानाने जाऊन येते, तू सावकाश तक्ता कर. मला लागलं, खरं सांगायचं तर. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, आम्ही एक सुट्टी वेगळी घेतलेली नाही. शिवाय ती आधीच जाऊन आली तर तुलनेला अर्थ काय उरला? हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, मॅजचा आवाज आता फोनवर ओळखू येत नाही. मी सांगितलं, टेलिफोनवाल्यांकडे तक्रार कर, तिकडच्या लाइनी खराब असतात.
तिने बॅग भरून जिन्याच्या पायरीशी ठेवली आहे. कपडे चुरगळतील म्हटलं. ऐकत नाही.

३ मार्च
शेजारचा डेरिक पिल्बीम फ्रान्सला जाऊन परत आला. बोगद्यातून. किती पडले विचारलं, तर आठवत नाही म्हणाला. आठवत नाही! अशा माणसाला मताधिकार आहे.
कुंपणापलीकडून चीजचा तुकडा देत मला म्हणतो, "काय रे अर्नॉल्ड, मी जाऊनसुद्धा आलो. तुझा तक्ता दारापर्यंत तरी पोचला का?"
डोरीन हसली. जानेवारीपासून पहिल्यांदा हसली. नियोजनामुळे तिची तब्येत सुधारते आहे हे उघड आहे. चीज बरं होतं. मी त्याला तसं सांगितलं नाही.

२२ मार्च
आमच्या कॅरॅव्हॅन क्लबच्या केटरिंग गावातल्या शाखेत माझं व्याख्यान: 'फेरी की बोगदा'. चाळीस खुर्च्या, अकरा श्रोते, पैकी तिघे चहासाठी. पण बोललो ते असं की बऱ्याच वर्षांत त्या हॉलच्या भिंतींनी ऐकलं नसेल. म्हणालो, "मित्रहो, ही इंग्लिश खाडी रोमनांनी ओलांडली, नॉर्मनांनी ओलांडली. भाड्याची चौकशी दोघांनीही केली नाही. आज कुठे आहेत रोमन?" म्हणालो, खोटं माप हे सगळ्या पापांचं मूळ आहे, जो समाज इंचात फसवतो तो पुढे आत्म्यात फसवतो. या वाक्यावर मागच्या रांगेतली बाई जागी झाली.
प्रश्नोत्तरात डोरीन उभी राहिली. बायकोने नवऱ्याला सभेत प्रश्न विचारणं ही लोकशाहीची शान. तिने एवढंच विचारलं:
"आपण निघणार कधी?"
मग डेरिकने टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनीच वाजवल्या. मी वाकून अभिवादन केलं. उत्तर द्यायचं राहून गेलं.

९ एप्रिल
मॅजकडे नर्स येते आता, दिवसातून दोनदा. आज त्या नर्सचाच फोन आला होता. डोरीन फोन ठेवून बराच वेळ जिन्यावर बसली होती, बॅगेशेजारी. मी तिला आनंदाची बातमी दिली: निकाल लागला. फेरी! ती म्हणाली, हे मी तुला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. फेब्रुवारीत तो अंदाज होता, आता तो निष्कर्ष आहे. हा फरक तिला आयुष्यात कळणार नाही, पण मी तिच्यावर रागावलो नाही.
मात्र एक अडचण. फेरीचं भाडं लांबीवर असतं. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून बारा मीटरपर्यंत एक दर, त्यावर गेलं की वरचा. आमची भरते बारा मीटर चाळीस.

१० एप्रिल, पहाटे ५
सुचलं. कॅरॅव्हॅनच्या तोंडाला गाडीशी जोडायचा जो लोखंडी दांडा असतो, तो कॅरॅव्हॅन आहे का? त्यात कुणी झोपतं का? त्यात चहा होतो का? नाही. मग तो जोड आहे, वस्तू नव्हे. दांडा वजा जाता आम्ही अकरा मीटर अठ्ठ्याण्णव. हे खोटं माप नाही. ही व्याख्या आहे. डोरीनला उठवून सांगितलं. ती जागीच होती.

२६ एप्रिल
तिकीट काढलं. ५ मेच्या बोटीवर जागा होती, पण १२ मेचं तिकीट अठरा पौंडांनी स्वस्त. अर्थात १२ मे. डोरीन म्हणाली, ते अठरा पौंड मी देते. मी हसलो. आपल्या घरात तुझे-माझे पैसे कधी होते का, असं विचारलं. त्यावर ती जे म्हणाली ते मी इथे लिहीत नाही, कारण ती दमलेली होती.

१२ मे, दुपारी १
न्यूहेवन बंदराचा धक्का. रांगेत सहावे. वारा बेताचा. मी डोरीनला म्हटलं, बघ, चार महिन्यांच्या अभ्यासाचं फळ. ती पासपोर्ट हातात धरून बसली आहे. सकाळी सहापासून तसाच धरला आहे.

१२ मे, दुपारी ४
घडलेलं जसंच्या तसं नोंदवतो. पुढेमागे पुरावा लागेल.
पिवळ्या जाकिटातला एक माणूस फीत घेऊन आला आणि मोजलं. "बारा चाळीस." मी त्याला दांड्याची व्याख्या सांगितली. त्याने ऐकून घेतली, मग म्हणाला, "आजोबा, मग तुमचा दांडा काय मागून पोहत येणार आहे?" मागच्या गाड्यांतले लोक हसले. वरचे बावन्न पौंड भरा, नाहीतर बाजूला घ्या म्हणाला.
प्रश्न पैशाचा नव्हताच. मी कॅरॅव्हॅनच्या पायरीवर उभा राहिलो आणि बोललो. राज्यसंस्थेने मापाचा अधिकार कुठून मिळवला, माप घेणारा कुणाला जबाबदार, सगळं. वीसेक मिनिटं बोललो असेन. गाड्या आमच्या बाजूने पुढे जात होत्या. डोरीनने पर्स उघडून नोटा काढल्या आणि त्या माणसाकडे निघाली. मी तिचं मनगट धरलं. तत्त्वाच्या मध्ये बायकोने यायचं नसतं. जरा जोरात धरलं गेलं असेल.
ती म्हणाली, "हात सोड, अर्नॉल्ड."
सोडला. ती कॅरॅव्हॅनमध्ये गेली, बॅग घेऊन उतरली. मला वाटलं बाथरूमला चालली आहे. ती पायी प्रवाशांच्या तिकीटखिडकीपाशी गेली. मी लांबून बघत होतो. तिने किती झाले हे विचारलंसुद्धा नाही, नोटा सरकवल्या आणि जे परत आलं ते न मोजता पर्समध्ये टाकलं.
पिवळ्या जाकिटाने कॅरॅव्हॅन कोपऱ्यात लावायला सांगितली. लावली. बोट सुटताना डोरीन वर कठड्याशी दिसली. मी हात हलवला. पण ती दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी होती, तिकडे नुसतं पाणी होतं.
माझा मुद्दा त्या लोकांना पटला होता. एकानेही युक्तिवाद खोडून काढला नाही.

१४ मे, केटरिंग
डोरीनचा फोन. मॅज गेली. अकरा तारखेच्या संध्याकाळी. आम्ही तेव्हा घरी होतो, मी गाडीचे टायर तपासत होतो.
मी लगेच तिला धीर दिला. म्हटलं, बघ, म्हणजे बाराला धक्क्यावर काहीही झालं असतं तरी फरक पडला नसता. बोगदा घेतला असता तरीही नाही. तेव्हा स्वतःला दोष देऊ नकोस. ती काही बोलली नाही. लाइन खरंच खराब आहे तिकडची. मी विचारलं, परत कधी? मी न्यूहेवनला घ्यायला येतो, पाहिजे तर पलीकडे येतो.
ती म्हणाली, "तू येऊ नकोस." दुःखात माणूस असं बोलतो.

२० मे
डेरिकने कुंपणावरून विचारलं, डोरीन कधी येणार. मी म्हटलं, भाडं उतरलं की. नेहमीसारखा टोमणा मारेल म्हणून तयारीत होतो. पण तो हळू आवाजात म्हणाला की त्याची बायको संध्याकाळी जेवण पाठवेल. लोकांना वाटतं मला रांधता येत नाही. बीन्सचे डबे मी वर्षानुवर्षं उघडतो आहे.
नवा निश्चय: रोज फिरायला जाणे. पाऊस होता.

९ जून
डोरीनचं पत्र. मॅजचं घर तिला मिळालं आहे. कोंबड्या आहेत, भाजीचा वाफा आहे, शेजारीण चांगली आहे. हिवाळ्याचा जाड कोट तेवढा पाठवून दे म्हणते. जूनमध्ये जाड कोट! तिला तिकडच्या हवेचा अंदाजच आलेला दिसत नाही. पत्रात मी कसा आहे ही चौकशी नाही, पण पत्र लहान होतं.
कोट पोस्टाने पाठवणं महाग. स्वतः घेऊन जायचं ठरवलं. आणि या वेळी बोगद्यातून. माझं मन पूर्वग्रहरहित आहे.
बोगद्याच्या कचेरीत फोन केला. गाडी, कॅरॅव्हॅन, एक प्रौढ, म्हणजे आधीच्या निम्म्याच्या जवळपास भाडं धरून चाललो होतो. मुलीने दोघांचं जेवढं, तेवढंच सांगितलं. मी म्हटलं, पोरी, तुझी चूक होते आहे, मी एकटा आहे. ती म्हणाली, भाडं गाडीचं असतं सर, आत माणसं किती ते आम्ही बघत नाही. मी तिला सगळं नीट सांगितलं. चव्वेचाळीस वर्षं सांगितली. म्हटलं, पण शेजारची सीट रिकामी जाणार आहे.
ती म्हणाली, "रिकाम्या सीटचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, सर."
तक्त्यात नवा रकाना आखला. रिकामी सीट: शून्य. फेरीवर किती पडतं ते उद्या विचारायचं.