गोळीखालचा लाकडी ठोकळा

डॉक्टर, आज दवाखान्यातल्या नव्या मॅडमनी मला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरवर एका लॅब्रॅडॉरच्या मांडीचं हाड दाखवलं. "बाबा, तुम्ही हे ट्रेसिंग पेपरवर करायचात ना?" पडद्यावर दोन रेघा ओढल्या की माप हजर. मी हसलो, पण चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मी सुतार माणूस. श्रीरामपुरात तुमच्या दवाखान्याची दारं बसवायला आलो आणि तिथलाच झालो. शाळा चौथीपर्यंत, पण हाड तुम्ही मला माझ्याच भाषेत शिकवलंत. "मिस्त्री, आतली पोकळी बघा. वर नरसाळ्यासारखी रुंद, खाली निमुळती असली की बदलून बसवायच्या धातूच्या खुब्याची दांडी घट्ट बसते. पाइपासारखी सरळ असली तर दांडी खाली सरकते, नाहीतर हाड चिरतं." मग मी वरचं एक माप घ्यायचो, खाली हाडाच्या कंबरेशी एक, आणि वरचं खालच्याच्या किती पट ते सांगायचो. एक्स-रेत हाड आहे त्याहून मोठं दिसतं, म्हणून शेजारी ठरल्या मापाची बेअरिंगची गोळी ठेवायची, तीही हाडाच्याच उंचीवर; गोळी किती फुगली त्यावरून हाडाचं खरं माप काढायचं. त्यासाठी मी सागवानी ठोकळा केला, दोन खिळे मारून. तुम्ही तो हातात फिरवलात आणि म्हणालात, "हे कंपनीवाल्यांनाही सुचलं नसतं, मिस्त्री." किती दिवस मी त्या एका वाक्यावर जगलो.

आणि मग श्रीगोंद्याच्या बाई आपला अल्सेशियन घेऊन येतात. एक्स-रेच्या टेबलावर त्याची गुंगी उतरत चाललीय, तो गुरगुरतोय, ठोकळा शेजारच्या खोलीत राहिलाय. मी गोळी तशीच टेबलावर ठेवली. म्हटलं, चार बोटांनी काय बिघडतंय! गोळी खाली राहिली, हाड वर, म्हणून हाड होतं त्याहून जाड मोजलं गेलं आणि दांडी एक नंबर मोठी निघाली. ऑपरेशनमध्ये तुम्ही ती ठोकत होतात तेव्हा आवाज आला. लाकूड उलतं तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो.

तार गुंडाळून तुम्ही हाड सावरलंत. हात धुता धुता विचारलंत, "गोळीखाली ठोकळा होता ना?"

"व्हता की, डॉक्टर."

तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. बाहेर बाईंपुढे जाऊन म्हणालात, "माप माझं चुकलं." त्या कडाडल्या, "माज्या लेकरावरच हात बसवायचा व्हता व्हय तुमाला?" तुम्ही खाली मान घालून ऐकत होतात आणि मी दारामागे उभा, मीच बसवलेल्या दारामागे. कुत्रं जन्मभर लंगडलं. तुम्ही पुन्हा खुब्याला हात लावला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती फिल्म शोधत होतात. मीही तुमच्याबरोबर कपाटं धुंडाळली. डॉक्टर, ती माझ्या घरी गादीखाली होती. लाकूड एक्स-रेत उमटत नाही, पण लोखंड उमटतं; गोळी स्वच्छ दिसते तिच्यात, खाली ठोकळ्याचे खिळे मात्र नाहीत. तुम्ही एकदा उजेडासमोर धरली असती तर तुम्हाला सगळं कळलं असतं.

हा कागद आता त्या फिल्मच्याच पाकिटात सरकवतोय. निघताना मॅडमनी विचारलं, "डॉक्टरांनी ही ऑपरेशनं मधेच का सोडली हो, बाबा?" सांगायची वेळ आयती चालून आली होती. मी म्हणालो, "वय झालं व्हतं त्यांचं."