सबवूफरची जागा

२ मार्च
बायकोला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. एक एप्रिलला रुजू व्हायचं. तिने विचारलं, तू येणार आहेस का? म्हटलं, महिनाअखेर सांगतो. माझं काम घरून चालतं, कुठूनही चालेल. तेव्हा प्रश्न तसा सोपा आहे.
त्याआधी सबवूफरचा विषय संपवायचा. माझे दोन छोटे स्पीकर चांगले आहेत, पण खालचे सूर त्यांना पेलत नाहीत. डबल बास शेजारच्या घरात वाजतोय असं वाटतं.
संकल्प: एका वेळी एकच गोष्ट.

५ मार्च
दुकानदार म्हणाला, साहेब, संगीतच ऐकायचं ना? मग बंद पेटीचा घ्या. भोकवाला सिनेमाला. खोली केवढी? सांगितली. म्हणाला, दहा इंची भरपूर. मी बारा इंची घेतला. मोठा हळू वाजवता येतो, लहान मोठ्याने वाजवता येत नाही. त्याने लगेच बिल केलं. मुद्दा पटला असावा.

९ मार्च
सबवूफर आला. बायको म्हणाली, स्टूल छान आहे. सांगितलं, स्टूल नाही. ती म्हणाली, ठाऊक आहे रे. काही ठरवलंस का? म्हटलं, आधी क्रॉसओव्हर ठरवतो. म्हणजे कुठल्या सुरापाशी स्पीकरने सोडायचं आणि सबवूफरने धरायचं. ती म्हणाली, आणि दोघांनीही सोडलं तर?
चांगला प्रश्न. मध्ये खड्डा पडतो. तिला या विषयात इतका रस आहे, हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

१४ मार्च
क्रॉसओव्हर ऐंशी हर्ट्झवर ठेवला. घुमतो. साठवर पोकळ. फेजचं बटण उलटं केलं. फरक पडला. काय पडला ते सांगता येत नाही.
खालच्या काकू वर आल्या. म्हणाल्या, अहो, आमच्याकडे नुसत्या कपाटाच्या काचा वाजतात, निदान गाणं तरी ऐकवा! बायकोने त्यांना बसवून घेतलं. दोघी आत बराच वेळ हसत होत्या. बास बंद असल्याने स्पष्ट ऐकू आलं.

२० मार्च
जागा शोधायची शास्त्रीय पद्धत सापडली. सबवूफर आपल्या खुर्चीवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगत फिरायचं. जिथे बास स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा.
रांगलो. बायको दारात उभी होती. म्हणाली, मी जाणार म्हणून एवढा खचलास? सांगितलं, मोजमाप चालू आहे.
सर्वोत्तम जागा: खिडकीजवळचा कोपरा. तिथे तिचं टेबल आहे. टेबलाखाली बसून ऐकलं. एकेक स्वर सुटा. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, आलं नाही. पण हरकत नाही.

२१ मार्च
सकाळी विचारलं, टेबल तू नेणार असशीलच. कधी?
ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, मिळालं उत्तर. म्हटलं, मलाही. कोपऱ्यातच होतं.
ती उठून आत गेली. मी अजून उत्तर दिलेलं नाही, याची इथे नोंद असावी. महिना संपायचा आहे.

२९ मार्च
मेहुणा टेम्पो घेऊन आला. टेबल, तिचं कपाट, पुस्तकं, गालिचा, पडदे. सबवूफरवर थाप मारून म्हणाला, भावोजी, यात एका वेळी कपडे किती मावतात? म्हटलं, वॉशिंग मशीन नाही. म्हणाला, मग घरात ठेवलंय कशाला?
सामान खाली टेम्पोत चढवल्यावर बायको पुन्हा वर आली. चप्पल न काढता दारात थांबली. म्हणाली, महिनाअखेर आजच धरलीस तरी चालेल. माझ्या दोन्ही हातांत केबल होती. म्हटलं, दोन मिनिटं. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.
केबल नीट बसली.

३० मार्च
सबवूफर कोपऱ्यात ठेवला. वाईट. खोली रिकाम्या पिंपासारखी वाजते. पुन्हा रांगलो. आता कुठलीच जागा चांगली नाही. किंवा सगळ्या सारख्याच आहेत. मग नुसता खुर्चीत बसलो. काही लावलं नाही. जेवलो की नाही, आठवत नाही. भांडी कोरडी आहेत, म्हणजे नसेन.

३१ मार्च
आज मुदत. शब्द दिला होता, म्हणून फोन केला. म्हटलं, ठरलं, येतो. ती म्हणाली, कुठे? म्हटलं, तुझ्याकडे. ती म्हणाली, मी एकटीपुरती खोली घेतली रे. बारकीशी.
विचारलं, लांबी-रुंदी किती?
ती म्हणाली, टेप नाही माझ्याकडे. हात पसरले की दोन्हीकडे भिंत लागते. ठेवते.
एवढ्या खोलीला बारा इंची जास्त होईल. आठ इंची बघायला हवा. त्याआधी रुंदी काढायला हवी. तिने हात पसरले की किती भरतात, मला माहीत नाही. पाच फूट धरून चालतो.