सुमनचं बाळ कुणाच्या नावावर

बोईसर, मंगळवार, १९६६

सुमनचं बाळ जाऊन आठवडा झाला. मला अजून रडू आलेलं नाही.

बाळंतपणाला इथल्या बोईसरच्या दवाखान्यात जायला सुमनला, माझ्या बहिणीला, मीच सांगितलं होतं. तालुक्यातल्या दवाखान्यांची तुलना करणं हे माझं कामच. तिथं वर्षभरात एकही मूल दगावलं नव्हतं, तक्त्यात सरळ शून्य. पालघरच्या इस्पितळाचा आकडा सगळ्यांत वाईट.

बाळ आडवं आलंय म्हटल्यावर दवाखान्यानं हातच लावला नाही. म्हणाले, पालघरला न्या. पोचेपर्यंत फार उशीर झाला, बाळ तिथंच गेलं. म्हणजे ते पालघरच्या नावावर पडणार आणि इथलं शून्य तसंच राहणार. अडलेल्या बायका पुढं पाठवूनच ते शून्य टिकत आलं असेल, हे मला आधी का सुचलं नाही?

आज कचेरीत साहेबांना म्हटलं, "बाई आधी जिथं जाते, मृत्यू तिथं धरायला हवा."

"जिथं झाला तिथंच धरायचा. नियम आहे," एवढंच म्हणाले.

तरी मी तसा हिशोब धरून दुसरा तक्ता करून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. राग यायला हवा होता. आला नाही.

संध्याकाळी सालवडला सुमनकडे गेलो. शेजारची मंजुळा ओट्यावर बसली होती, सातवा महिना.

"दादा, तो दवाखाना चांगला हाय म्हणतात. तिथं पोर मरत नाय. जाऊ ना?"

मी बोलायच्या आत सुमन म्हणाली, "थेट पालघरला जा. वाटेत कुठं थांबू नको."

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.