अर्धे तळे व त्यातील भावी मासे यांची व्यवस्था

स्वस्ति! दस्तलेखनधुरंधर, मुद्रांकमार्तंड, खरेदीखत-गहाणखत-बक्षीसपत्र-पारंगत, परगृहकलहांचा आजन्म साक्षी, धर्मपत्नीच्या मुखी 'अहो', धाकट्या बंधूच्या मुखी 'दादा' (सांप्रत अनुच्चारित) आणि गृहपृष्ठस्थ तडागाचा अर्धांशाधिपती असा जो मी, वय वर्षे त्रेपन्न, तो कोणाच्याही दडपणाविना व संपूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो.

कारण असे की, उद्या सकाळी माझ्या अंतर्गळावर (लोकभाषेत हर्निया) शस्त्रक्रिया आहे. ती किरकोळ आहे असे डॉक्टर म्हणतात. शस्त्रक्रिया दुसऱ्याची असली की किरकोळच असते. शिवाय आयुष्यभर लोकांची मृत्युपत्रे लिहून स्वतःचे न लिहिता गेलो, तर व्यवसायबंधू सांत्वनाला येतील आणि जिन्यात हसतील.

कलम १. राहते घर धर्मपत्नीस व तिच्या पश्चात कन्येस. अट एकच : खिडकीजवळचे माझे लेखनमेज हलवू नये. (हे वाचून धर्मपत्नी म्हणाली, "आधी ते मेज हलवणार, मग रडायला बसणार." शेरा नोंदवून घेतला आहे.)

कलम २. बँकेतील ठेव कन्येस. आकडा ऐकून तिने निदान पाहुण्यांसमोर हसू नये.

कलम ३. तपकिरी विजार शेजारच्या शिंप्यास. ती त्यानेच शिवली आहे. ती घोट्याच्या वर चार बोटे का थांबते, याचे उत्तर माझ्या पश्चात त्याने समाजास द्यावे.

कलम ४. आता तळे. तीर्थरूपांनी परसात विहीर खणावयास घेतली होती. पाणी लागले, पण उत्साह संपला. त्या अर्धवट विहिरीस आम्ही तळे म्हणतो. ते आम्हा दोघा बंधूंच्या समाईक मालकीचे आहे. त्यात मासे असावेत याबद्दल आमच्यात कधीही दुमत नव्हते. कोणते असावेत, याबद्दल मात्र एकमत झाले नाही.

माझा पक्ष नारिंगी, शोभिवंत माशांचा. सायंकाळी काठावरील दगडावर बसावे आणि त्यांचे निरुद्देश विहरण अवलोकावे. धाकटा गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतो. स्वतःच्या जिव्हेस तेवढा त्याने कधी ब्रेक बसवला नाही. त्याचा पक्ष रोहू आणि कटला. "दादा, मासा बघायचा असतो तो ताटात!"

"ताटातला मासा उलटा बघत नाही, म्हणून तुला बरा वाटतो."

अखेर मत्स्यबीज विकणारा कंटाळून म्हणाला, "अहो, दोन्ही सोडा ना! कोण वर पोहेल, कोण खाली." त्याने सर्व पिल्ले एकाच फुगीर पिशवीत भरून दिली आणि बजावले की, पिशवी न उघडता काही वेळ तळ्यात तरंगत ठेवावी, आतले व बाहेरचे पाणी सारखे कोमट-गार झाले की मग उघडावी, परंतु फार वेळ ठेवू नये.

आम्ही पिशवी तरंगत ठेवली. रिकामा वेळ वाया जाऊ नये म्हणून मी प्रश्न उपस्थित केला : माझ्या अर्ध्यातील मासा त्याच्या अर्ध्यात गेल्यास मालकी कोणाची? धाकटा म्हणाला, जो खाईल त्याची. यावर उभयपक्षी सविस्तर युक्तिवाद होत असता वारा सुटला आणि पिशवी तळ्याच्या मध्यभागी, नेमकी सीमारेषेवर, जाऊन स्थिरावली. पोहता दोघांनाही येत नाही. लांब दांड्याचे जाळे होते. ते दोघांनी दोन टोकांनी ओढले. दांडा त्याच्या हाती राहिला, जाळे माझ्या. ऊन चढत गेले. धर्मपत्नीने बाजारातून येऊन, कपडे वाळत घालायच्या काठीने पिशवी ओढून काठाला आणली, तोवर आतील प्रजा आमचा युक्तिवाद ऐकून ऐकून परलोकवासी झाली होती.

"तू मासेसुद्धा कागदावरच पाळ, दादा," असे म्हणून धाकटा दांड्यासह निघून गेला. त्यास दीड वर्ष झाले. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. मी दिसलो की गाडीखाली शिरतो.

कलम ५. सबब, तळ्यातील माझा अर्धा हिस्सा मी धाकट्या बंधूस देतो. त्याने त्यात मर्जीस येतील ते मासे सोडावेत, रोहूसुद्धा. काठावरील दगड मात्र काढू नये. हे मी त्यास समक्ष सांगू शकलो असतो. परंतु तोंडी व्यवहारास आमच्या धंद्यात किंमत नाही.

कलम ६. साक्षीदार दोन लागतात. शिंपी तयार आहे. त्याने कलम ३ वाचलेले नाही. डॉक्टरांनी नकार दिला : "कापणारही मी आणि मृत्युपत्रावर सहीही माझी? लोक काय म्हणतील?" दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहत असता, धर्मपत्नीने परस्पर निरोप धाडल्यामुळे, मला इस्पितळात न्यावयास साक्षात धाकटा गाडी घेऊन दारात उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी म्हणतात सही हवी आहे. कुठे करू?"

"थांब. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर तळं गेलं."

"कुठलं तळं?"

मी कलम ५ पुढे केले. त्याने ते उभ्याने वाचले. मग बसून पुन्हा वाचले.

"रोहूसुद्धा? तूच लिहिलंस हे?"

"अक्षर कुणाचं दिसतंय?"

"आणि दगड कुणासाठी ठेवायचा?"

"कुणी बसलं तर."

त्याने नाक पुसले; ब्रेकच्या तेलाचा काळा पट्टा गालभर झाला. "दादा, अख्खं तळं घेऊन मी भांडू कुणाशी? बेडकांशी? आण ते पेन."

कलम ७. सबब कलम ५ रद्द; शिंपीही साक्षीदार, म्हणून कलम ३ मधील विजारही रद्द, उत्तर मात्र कायम. माझा अर्धा हिस्सा धर्मपत्नीस, मत्स्यनिवडीच्या सर्वाधिकारासह. यावर ती म्हणाली, "मला द्यायचं ते द्या. पण मासे मी केव्हाच सोडलेत. तुम्हाला डास चावेनासे झाले, ते काय तुमच्या पुण्याईनं?"

आम्ही उभयता, मी अंतर्गळासह, काठावर धावलो. पाण्यात इवल्याइवल्या गप्पी माशांची झुंबड होती.

धाकटा म्हणाला, "वहिनी, हे ना खायचे, ना बघायचे!"

"डासांना विचारा."

प्रस्तुत मत्स्यनिवडीविरुद्ध आम्हा बंधूंची संयुक्त हरकत येथे नोंदवीत आहे. कित्येक वर्षांतले आमचे हे पहिलेच एकमत होय.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन ठिकाणी हसून, साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली.

मृत्युपत्रकर्ता : (सही) दादा
साक्षीदार पहिला : (सही) शेजारचा शिंपी
साक्षीदार दुसरा : (सही, तेलाच्या डागासह) धाकटा
स्थळ : तळ्याकाठचा दगड, त्यावर दोघे दाटीवाटीने मावतात
दिनांक : शस्त्रक्रियेची पूर्वसंध्या

ता. क. धाकट्याने इस्पितळात मुक्काम करण्यासाठी उशी, पांघरूण व पाण्याची बाटली आणली आहे. जाळ्याचा दांडा आणलेला नाही. विचारले असता म्हणतो, "आधी जाळं दे." जाळे तर माझे, म्हणजे मृत्युपत्रकर्त्याचे, आहे.