गुडघाभर गवत

डेटन, ओहायो
२४ ऑगस्ट १९९७

प्रिय ग्लेंडा,

तुझं पत्र आणि जर्दाळूचा मुरंबा, दोन्ही पोचलं. अर्धी बरणी टेस कॉलेजला जाताना घेऊन गेली. पोरगी गेली आणि घर पुन्हा गप्प झालं. तुझी कंबर कशी आहे? माझं नाही, निदान डॉक्टरचं तरी ऐकत जा.

"मग कधी येतेस?" असं तू पुन्हा विचारलंस. सांगते. आधी गवताचं ऐक.

रसेलनं जूनपासून अंगणातलं गवत कापलेलं नाही. आमच्या गल्लीत एखादीचा नवरा पळून गेला तर चालतं, गवत वाढलेलं चालत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी साहेबांनी केस काळे केले, धावायचे बूट आणले, दोनदा धावले. ते मी हसण्यावारी नेलं. पण गवत गुडघ्याला लागलं तेव्हा वाटलं, या माणसाचं घरावरून मन उडालं, माझ्यावरूनही. मंगळवारी रहिवासी समितीच्या फिलिसबाई केक घेऊन आल्या. "केक तुझ्यासाठी, डोरीन. गवताचं मात्र आम्हा सगळ्यांसाठी बघ," म्हणाल्या. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

काल शनिवार. गल्लीभर गवत कापायची यंत्रं घरघरत होती. मीही तणतणत आमचं यंत्र गॅरेजमधून बाहेर काढलं. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, यंत्र ढिम्म. रसेल पायरीवर कॉफी पीत बसलेला.

"कापू नकोस," तो म्हणाला.

"का? हरणं पाळायचीत?"

"इथे लोक आधी गवत कापतात, मग घर विकायची पाटी रोवतात."

"कोण विकतंय घर?"

"तुझा थंडीचा कोट जूनपासून गाडीच्या डिकीत आहे. भर उन्हाळ्यात कोट कुणाला लागतो? मिनेसोटाला बहिणीकडे राहायला जाणाऱ्या बाईला."

मी त्याला एका शब्दानं सांगितलं नव्हतं, ग्लेंडा.

"माहीत होतं, तर विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस."

म्हणून गवत वाढवत बसला. आहे की नाही खुळा? मला हसू आलं, आणि मग रडू. तीन वर्षं आम्ही पन्हळी आणि बिलं सोडून कशावर बोललो नव्हतो. काल पायरीवर बसून कडाकडा भांडलो. मी एकटी पडले होते हे त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि स्वतःचंही सांगितलं. फिलिसबाई कुत्र्याला घेऊन तीनदा समोरून गेल्या.

संध्याकाळी दोघांनी मिळून गवत कापलं. इतकं माजलेलं की यंत्र सारखं अडायचं. तो ढकलत होता, मी पेंढ्या उचलत होते. सगळं सुरळीत झालं असं म्हणत नाही. पण आज सकाळी कॉफी दोघांची एकदम झाली आणि आम्ही ती पायरीवरच प्यायलो. मला जायचं नाहीये.

माझ्यासाठी रिकाम्या केलेल्या खोलीत तुझं शिवणाचं मशीन परत ठेव. नाताळला आम्ही दोघं येऊ, सोफ्यावर भागेल. कोट तेव्हा लागेलच. रसेलनं तो दारामागे टांगलाय.

तुझी, याच पत्त्यावरची,
डोरीन